नेहाचा प्रश्न

काल राऊ गावाच्या रस्त्यावर एका कोल्ड स्टोरेजपाशी अमोनियाचा उग्र वास आला आणि मला नेहा आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिथल्याच एका कॉलेजात एमबीएच्या मुलांना व्यवसायातली नीती शिकवत असे. एका दुपारी मी विचारलं होतं, "कोल्ड स्टोरेज थंड ठेवणाऱ्या अमोनियाचा पाइप गळतोय. दुरुस्तीला बंद केलं तर सगळे बटाटे सडतील. मॅनेजर म्हणून काय कराल?"

"सीझन निकल जाने दो सर, मग बघू," एक जण म्हणाला आणि वर्ग हसला.

एरवी गप्प असणारी नेहा मागच्या बाकावरून उठली. "सर, माझे बाबा अशाच गळतीत गेले. मॅनेजरला आधीपासून माहीत होतं." मग हळूच म्हणाली, "तो पण एमबीए होता. त्याला हे कोणी शिकवलं नसेल का?"

"शिकवलं असेल, बेटा," मी म्हणालो. ती खाली बसली. मघाशी सीझनचं बोललेला मुलगा डोळे पुसत होता.

ही मुलं आता हे कधी विसरणार नाहीत, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्यांतली बरीच कुठे ना कुठे मॅनेजर आहेत. आणि मला वाटतं, नेहाच्या बाबांचा मॅनेजरही कधीतरी एखाद्या वर्गात असाच रडला असेल.