खाडीपलीकडची नगरसेविका

शेजारच्यांकडे फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "गोराईहून आहे," त्यांनी गॅलरीतूनच हाक मारली. पलीकडे मार्शल होता, माझ्या मैत्रिणीचा, कार्मेलिनचा धाकटा भाऊ. "सुधाबाई, बाय गेली," एवढंच म्हणाला. सकाळी ती चर्चमधून घरी आली, चहा टाकायला सांगितला आणि चहा होईपर्यंत खुर्चीतच... डॉक्टर खाडी ओलांडून पोहोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'गोराईच्या समाजसेविकेचे निधन'. मला त्याही अवस्थेत हसू आलं. हा शब्द तिला मुळीच खपत नसे. "समाजसेविका म्हणजे मत न मागणारी बाई," ती म्हणायची. "मी मतं मागते आणि कामं करते. मी राजकारणी आहे, सुधा. लाजायचं काय त्यात?"

आमची ओळख बोरिवलीच्या मंडईबाहेर झाली. मी जवळच्याच शाळेत शिकवायची. माझं माहेर मालवणकडचं, वडील गिरणीत, त्यामुळे ताजी भाजी ओळखायची आणि भाव पाडून घ्यायची सवय घरातूनच लागलेली. कार्मेलिन मात्र भाव पाडू देत नसे. लाल लुगडं, केसांत फूल, पुढ्यात वांगी आणि मुळ्याच्या जुड्या. सकाळच्या होडीने गोराईच्या बायका आपापल्या मळ्यातली भाजी घेऊन यायच्या आणि महापालिकेची गाडी आली की टोपल्या उचलून पळायच्या. एके दिवशी कार्मेलिन पळाली नाही. टोपलीवर हात ठेवून बसून राहिली आणि मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणातलं सगळं मराठी पणाला लावून त्या अधिकाऱ्याला म्हणाली, "आम्ही फेरीवाले नाय. आम्ही शेतकरी. पिकवतो ते विकतो. आम्हाला जागा दाखवा, मग उठतो." बाकीच्या बायकाही बसल्या. बऱ्याच खेपा घातल्यावर मंडईमागे त्यांना ओटे मिळाले. त्यातूनच ती पक्षाच्या लोकांच्या नजरेत भरली. खाडीपलीकडे उमेदवार सापडत नव्हता, तो त्यांना आयता मिळाला. प्रचाराला मी तिच्यासोबत घरोघरी हिंडले आणि ती महापालिकेवर निवडून आली.

सभागृहातल्या तिच्या पहिल्या भाषणाला मी वर गॅलरीत होते. भातशेतीचं नाव काढताच एक ज्येष्ठ सदस्य उठले आणि म्हणाले, "बाई, ही मुंबई आहे. शेती आपल्या कक्षेत येत नाही." सभागृह हसलं. हशा संपेपर्यंत ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "रस्ता कक्षेत येतो, गटार कक्षेत येतं. त्या दोघांच्या मधली माझी खाचरं कुणाच्या कक्षेत येतात, तेवढं सांगा. मी तिथे जाते." पुढची दोन-तीन वर्षं तिचं सगळं राजकारण या एकाच प्रश्नाभोवती फिरलं. शेतकऱ्याला कुणी 'बिचारा' म्हटलं की ती चिडायची. व्यासपीठावर त्याचे गोडवे गाणाऱ्या पुढाऱ्यांवर त्याहून जास्त. तिचं म्हणणं सरळ होतं. बाजारात बसायला जागा द्या, बांध धड ठेवा, आणि जमीन विकायची की राखायची ते आमचं आम्हाला ठरवू द्या. तिचा स्वतःचा मुलगा अंधेरीला ऑफिसात नोकरी करत होता. त्याबद्दल कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "त्याला नाही आवडत चिखल, नाही करणार. पण ज्याला शेती करायचीय त्याची वाट का लावता?"

मग एका उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली. बांध फुटला आणि खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरलं. कार्मेलिन महापालिकेत गेली, तिथे म्हणाले बांध शेतीचा, जिल्ह्याच्या कचेरीत जा. कचेरीत म्हणाले गाव मुंबईच्या हद्दीत, महापालिकेत जा. तोवर दर भरतीला पाणी आत येतच होतं. अशात पक्षाच्या एका वजनदार नेत्याने तिला अंधेरीला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार अर्धं उघडं होतं. "कार्मेलिनबाई, जमीन नासलीच आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "घेणारी पार्टी तयार आहे. बांधाचा विषय जरा थंड होऊ द्या. पुढचं तिकीट तुमचंच." ती उठलीच. "तिकीट तुमचं आहे, साहेब, कुणालाही द्या. बांध आमचा आहे." बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या हॉटेलात शिरलो. तिने चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "घाबरलीस?" मी विचारलं. "त्याला नाय गं," ती म्हणाली. "आता गावात जायचंय ना... तिथे अर्ध्यांना जमीन विकायचीच आहे."

आणि तसंच झालं. चर्चसमोरच्या पटांगणात बैठक बसली आणि पहिला उठला तो मार्शल. "बाय, तू सभागृहात बसतेस. आम्ही मिठात काय पेरू? येईल तो भाव घेऊन मोकळे होऊ." लोकांनी माना डोलावल्या. सख्खा भाऊच असा उठल्यावर ती आता काय करणार, मला कळेना. ती म्हणाली, "विकायची तर विक, मार्शल. मी आडवी येणार नाय. पण मीठ धुऊन काढलेली जमीन विक. नासलेली विकलीस तर घेणारा भाव ठरवेल. पिकती विकलीस तर तू ठरवशील." मग मागून एक म्हातारा म्हणाला, "ओहोटी सकाळची आहे. दगड कोण आणतो?"

सकाळी बांधावर सगळ्यांत आधी मार्शलच उभा होता, फावडं घेऊन. मढच्या कोळ्यांनी होड्यांतून दगड आणून दिले. गावाने चिखलाचे गोळे हातोहात पुढे दिले आणि ओहोटीच्या वेळा साधत खांड बुजवली. बांध उभा राहिलेला दिसल्यावर महापालिकेला आणि कचेरीला दोघांनाही तो आपलाच वाटू लागला, आणि बांधाला बाहेरून दगड बसवायचं, म्हणजे पिचिंगचं, काम रीतसर मंजूर झालं! पावसाने मीठ धुतलं. कार्मेलिनने पेणकडच्या शेतकऱ्यांकडून खाऱ्या जमिनीत तगणारं भाताचं बी आणलं. पहिलं पीक बेताचंच आलं, दुसरं भरघोस.

तिकीट अर्थातच मिळालं नाही. त्याचं तिने एका दिवसापलीकडे वाईट वाटून घेतलं नाही. मार्शलने पुढे जमिनीचा एक तुकडा विकलाच, पण आपण ठरवलेल्या किमतीला, आणि त्या पैशांतून घर नीट केलं. घरभरणीला कार्मेलिन सगळ्यांत आधी हजर होती. "ठरवलं त्यानेच ना," मला म्हणाली, "मग झालं!"

परवा, ती गेल्याला महिना होत आला तेव्हा, गोराईला जाऊन आले. मार्शल मला बांधावरून घेऊन गेला. खाचरांत भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. खेकडे बांध पोखरतात, त्यांच्या बिळांतून पाणी वाट काढतं. म्हणून कार्मेलिन रोज संध्याकाळी इथून अनवाणी चालायची आणि दिसेल ते बीळ चिखल घालून टाचेने बुजवायची. नगरसेविका असतानाही तिने हे कधी चुकवलं नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. आता मार्शल चालतो. बोलता बोलता तो थांबला, वाकून ओला चिखल घेतला आणि माझ्या पायाशी टाकला.

"सुधाबाई, चप्पल काढा," तो म्हणाला. "तिथे एक बीळ आहे बघा. दाबा जोरात."

मी चप्पल काढली आणि दाबलं.