साहेबांच्या चारित्र्याचं पत्र

नारायण पेठेतल्या त्या वकिलांच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा आम्ही टायपिस्ट बायका चपला बाहेर काढून त्याच्यापुढे बसायचो. प्रिंटरची ती करकर, चार वाजताचा आल्याचा चहा, आमचं हसणं. आठवलं की अजून बरं वाटतं.

त्याच वर्षी साहेबांचं नाव न्यायाधीशपदासाठी गेलं. तेवढ्यात, नुकत्याच काम सोडून गेलेल्या एका ज्युनिअर वकील मुलीने तक्रार केली, की साहेबांनी केबिनमध्ये एकटीला बोलावून अंगाला हात लावला. लगेच आम्हा बायकांच्या सह्यांचं पत्र निघालं. टाइप मीच केलं. ‘इतक्या वर्षांत आम्हाला एकदाही वाईट अनुभव आला नाही.’ खाली झोकात सही ठोकली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. कसला डोंबलाचा अनुभव येणार! डिक्टेशनला आम्ही कायम दोघी मिळून आत जायचो. ही पद्धत मला पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या जुन्या बाईंनी चहा पिताना सांगितली होती. का, ते मी विचारलं नव्हतं.

ती मुलगी नवीन आली, तेव्हा तिला पहिला चहा मी दिला. एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.