उभा चिंचोका

सासरी आल्यावर मी चारचौघांत नवऱ्याशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, ते एका चिंचोक्यावरून.

"उभा चिंचोका पांढरा असते जी!"

त्याआधी कित्येक दिवस घरात माझा आवाज म्हणून कोणी ऐकला नव्हता. आमचं घर आमगावच्या बाजूला, धानाच्या शेतांत. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. यांना पाणी हवं असलं की हे भिंतीकडं बघून म्हणायचे, "पाणी भेटंल का?" मग मीही तांब्या भिंतीपाशीच ठेवून यायची. भिंतीचा संसार चांगला चालला होता, आमचा जेमतेम.

रोवणा आटोपला, रोपं लागली, बायांच्या कमरा जरा सरळ झाल्या, तशी एका दुपारी सासूबाईंनी ओसरीवर पांढऱ्या छुईमातीनं पट आखला. पाच घरं आडवी, पाच उभी, मधे फुली, आणि चारही कडांच्या मधल्या घरांत एकेक फुली, तिच्यावर बसलेली सोंगटी मारता येत नाही. आमच्याकडं या खेळाला चंगाष्टा म्हणतात. फाशाच्या जागी चिंचोक्याच्या चार फाका. त्या दगडावर घासून घासून आतली बाजू पांढरीफेक करायची. घासताना त्या इतक्या तापतात की लहानपणी आम्ही एकमेकींच्या दंडाला चटके देत असू. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, चारही काळ्या पडल्या तर अष्टा. चंग किंवा अष्टा पडला की फेकायला आणखी एक पाळी मिळते. आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय कोणाला आतल्या घरांत शिरता येत नाही. सासूबाईंना चौथा भिडू मिळत नव्हता. त्यांनी मला चुलीपुढून ओढूनच आणलं.

आता गंमत अशी की सारवलेली जमीन काही सपाट नसते. एखादी फाक उंचवट्याला टेकते आणि पालथी नाही, उताणी नाही, अशी कडेवर उभी राहते. माझं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. आमच्या गावात उभा चिंचोका पांढरा धरतात. सासरी ती फेकच धरत नाहीत. चारही उचलायचे आणि फिरून टाकायचे. मला काय ठाऊक! माझे तीन पांढरे पडले आणि चौथा उभा राहिला. मी मनात म्हटलं चंग, तेवढ्यात समोर खेळायला बसलेल्या यांनी हात घालून चारही उचलले. माझ्या तोंडून निघून गेलं.

सासरे पलीकडं दोर वळत बसले होते, त्यांचा हात थांबला. म्हटलं, आता काही आपली धडगत नाही. आणि सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर काढून हसल्या.

"अव माय! हिले तं जीभ हाय! मी समजली, मुकी करून आणली का काय."

यांनी दिवसाउजेडी सगळ्यांदेखत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. म्हणाले, "तुमच्या गावचा कायदा तुमच्या गावात."

"मंग बायको कायले आमच्या गावची केली?"

त्या दिवसापासून जे भांडण लागलं ते संसारभर पुरलं. आम्ही दोघंही आपापल्या कायद्याचे पक्के. उभ्या चिंचोक्यानं यांचाच चंग होत असला तरी हे फिरून टाकणार. आणि त्यात माझं नुकसान असलं तरी मी ओरडणार, "अवो, चंग हाय तो, घ्या ना!" शेजारणी म्हणायच्या, हे नवरा-बायको जिंकायला खेळतात का हरायला? आम्हाला कुठं जिंकायचं होतं! चिंचोक्यावरून सुरू झालं की भांडण कुठल्या कुठं जाई. माझ्या वडिलांनी लग्नात यांच्या काकाला शेवटच्या पंगतीत बसवलं, तिथवर. यांनी मला गोंदियाच्या स्टेशनवर पिशव्यांजवळ उभं करून चहा प्यायला जाऊन गाडी चुकवली, तिथवर. एरवी हे अबोल. शेतातून आले, जेवले, झोपले. माझं म्हणाल तर पोटात ठेवायची सवय बायांना लावलेलीच असते. पटावर बसलं की मात्र दोघांच्याही पोटातलं बाहेर पडायचं. धाकट्याचं बाळंतपण मला किती जड गेलं, हे मी यांना पहिल्यांदा सांगितलं ते यांची सोंगटी मारता मारता. पुढच्या फेकीला चिंचोके उचलायला यांनी बराच वेळ लावला.

आता सासू-सासरे नाहीत. ओसरीला टाइल्स लागल्या. छान दिसतात, पुसायला सोप्या, मी नाव ठेवत नाही. पण त्यावर चिंचोके टाकले की घसरत थेट दारापर्यंत जातात. छुईमाती धरत नाही, खडू लावला तर सुनेला डाग दिसतात. पट असाच हळूहळू उठला. कोणी उठवला असं नाही. टीव्ही आला, मग मोबाइल आले, आणि एक दिवस लक्षात आलं की चिंचा फोडताना आपण चिंचोके सरळ केरात टाकतोय.

तेही मी सोसलं असतं. पण यांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, देवाच्या कृपेनं घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घ्यायचं नाही, ओरडायचं नाही, चिडायचं नाही. घरानं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. मुलगा यांना हो म्हणतो, सून हो म्हणते. भाजी अळणी झाली तरी हे म्हणतात छान आहे, आणि आम्ही म्हणतो बरं. मीही जीभ आवरली. का नाही आवरणार? माझंच कुंकू आहे ते. पण घर असं गुळगुळीत झालं की त्यात बोलायला काही टेकेना.

सुनेनं बिचारीनं चांगल्या मनानं यांच्या मोबाइलवर लुडो टाकून दिला. "बाबा, टाइमपास होते." मग माझ्याही मोबाइलवर टाकला. "आई, तुम्ही दोघं खेळा ना, घरबसल्या." घरबसल्या म्हणजे काय, हे खाटेवर आणि मी दाराशी! मी बोट लावलं, फासा आपोआप फिरला. हाताला काही लागलं नाही. सोंगटी आपली आपण चालत गेली. मी जरा विचार करत होते कोणती चालू, तेवढ्यात माझी पाळी गेली. मी मोबाइलला म्हटलं, "अरे थांब ना बाबा!" सून हसली. पलीकडून यांनी माझी सोंगटी मारली, आणि माझ्या मोबाइलवर एक पिवळं तोंड आलं, जीभ काढून. मी वर बघितलं. यांचं खरं तोंड जसं होतं तसंच होतं, खाली घातलेलं.

त्यात कधी काही उभं राहतच नाही. पाच म्हणजे पाच, सहा म्हणजे सहा. भांडायचं कोणाशी आणि कशावरून? पुढं पुढं हे अनोळखी माणसांसोबतच खेळायला लागले, कोण्या मुलखातला कोण. हरले तरी "हरलो" म्हणायचे आणि पुढचा डाव लावायचे. हरल्यावर चार दिवस तोंड फुगवणारा माणूस हा! मला रडू यायचं. लोक म्हणतील, बाई वेडी झाली, नवरा शांत झाला म्हणून रडते. रडायचीच मी. मला माझा भांडखोर नवरा परत हवा होता, आणि तो मागायचा कोणाकडं ते कळत नव्हतं.

परवा चिंचा फोडायला बसले होते. त्यातले चांगले टपोरे चिंचोके बाजूला काढले, फोडले, मागच्या धुण्याच्या दगडावर घासले. बोटं भाजली, बरं वाटलं. धानाचं एक रिकामं पोतं घेतलं, त्यावर कोळशानं घरं आखली आणि ओसरीत पसरलं. पोत्यावर काही घसरत नाही. यांना म्हटलं, "या, एक डाव होऊ द्या."

"मोबाइलमधी हाय ना," हे म्हणाले, मान वर न करता.

बरं म्हटलं. एकटीच बसले खेळायला. माझ्या सोंगट्या हिरव्या बांगडीच्या तुकड्यांच्या, यांच्या खड्यांच्या. मी यांच्या वतीनं फेकायची आणि यांच्या सोंगट्या मुद्दाम वाईट चालायची. कडेच्या फुलीवर सुखरूप बसलेली यांची सोंगटी उचलून माझ्या पुढ्यात आणून ठेवली. चुकीचं चाललेलं यांना बघवत नाही. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत पाणी उलटं चाललं असलं तरी यांचे पाय थांबतात.

"ते कायले हलवली?" खाटेवरून आवाज आला.

"माझी मर्जी."

"अशी खेळतेत का कोणी?" म्हणत हे आले आणि गुडघ्याला हात देऊन खाली बसले. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. म्हटलं, बोलले तर उठून जायचे.

खेळलो. बराच वेळ चांगला गेला. यांचे हात चिंचोके हलवायचं विसरले नव्हते. मूठ कानाशी नेऊन खुळखुळवायची ती सवय तशीच होती. यांनी माझी एक मारली, मी यांच्या दोन मारल्या. आणि मग माझ्या फेकीत तीन पांढरे पडले आणि चौथा पोत्याच्या शिवणीला टेकून उभा राहिला.

मी सरसावून बसले. म्हटलं, आता घालतील हात, उचलतील चारही. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं, पार यांच्या काकाच्या पंगतीपर्यंतचं. यांनी चिंचोक्याकडं बघितलं. हात मांडीवरच राहिले.

"चंग हाय," हे म्हणाले. "चाल."

"काय?"

"तुझंच खरं. चाल. आता कायले भांडाचं."

एवढी वर्षं जे ऐकायला भांडले, ते मिळालं, आणि मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. असं देऊन टाकणं मी पाहिलं आहे. माणूस निरवानिरव करायला लागला की असं देतो, हा विळा याला, ती बांधी त्याला, हा चंग बायकोला. मला नको होता तो चंग.

मी चारही चिंचोके उचलले. "नाही घेत. तुमच्या गावचा कायदा. फिरून टाकते."

"ठेव खाली. पांढरा होता."

"उभा होता."

"उभा म्हणजे पांढराच!"

"कोणी सांगितलं?"

"तूच सांगून राहिली ना, लग्न झाल्यापासून!" यांचा आवाज चढला. "डोस्कं खाल्लं माझं!"

"मी चुकीचं सांगून राहिली होती!"

"चुकीचं? आता चुकीचं?" हे पोत्यावर हात आपटून अर्धे उठले. "मी इकडं मान्य केलं तं तू..."

आणि दम सरला. हात गुडघ्यावर दाबला, तोंड उघडं, छाती वरखाली व्हायला लागली. सून आतून धावत आली. "आई, काय करून राहिल्या तुम्ही? बाबांना बोलू नका देऊ!" मी तिला हातानंच थांबवलं. भीती मला नव्हती असं नाही. पण यांनी एक बोट वर धरलं होतं माझ्यापुढं. संपलं नाही, अजून आहे, असं. उत्तर तोंडात होतं, नुसता श्वास पुरत नव्हता.

मी पुढं सरकले आणि यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बसा जी," म्हटलं. "दम घ्या. मंग बोला. मी कुठं जाऊन राहिली?"