आरामाचा रकाना

बोईसरच्या आमच्या कारखान्यात मी गेटपास देतो. मासवणचा एक टँकरवाला नेहमी येतो. नाव कधी विचारलं नाही. नमस्काराआधी तो कानामागचं पेन काढून लॉगबुकात वेळ लिहितो. ड्युटीचे तास भरले की चावीला हात लावत नाही. खडूस वाटतो, पण आवडतो.

परवा सकाळपासून तो माल भरायच्या रांगेत होता. संध्याकाळी टँकर लगेच निघावा म्हणून आमच्या साहेबांनी त्याच्या लॉगबुकात ते सगळे तास 'आराम' म्हणून लिहून टाकले. त्याने वाचलं आणि ऐन गेटात इंजिन बंद करून तो सीटवर आडवा झाला.

"आराम तुमी लिवलाय, मी केला नाय. आता करतो."

मागे हॉर्न सुरू झाले. साहेबांनी चरफडत 'आराम' खोडून 'ड्युटी' लिहिलं.

"मंग तास भरले माजे," म्हणत त्याने कूस बदलली.