नकाशातला निळा रंग

आमच्या ऑफिसात दोन वर्षं काढली की माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर त्याच्याकडे किस्से साठतात. गप्प बसणं मला जमत नाही.

काम तसं साधं. पुढच्या पन्नास वर्षांत रायगडच्या किनाऱ्यावर ऊन, वारा आणि समुद्र कसे असतील याचं कम्प्युटरवर मॉडेल चालवायचं आणि विजेची केंद्रं कुठे बांधावीत ते सरकारला सांगायचं. खर्च सरकारचा, मॉडेल माझं आणि सही मोठ्या सरांची.

•

श्रीवर्धनच्या गेस्ट हाऊसच्या गच्चीवर आम्ही वारा मोजायचं यंत्र बसवलं. चार महिने आकडा शून्य! समुद्रकिनारी! सरांनी अहवालात लिहूनही टाकलं, 'पवनऊर्जेस वाव नाही.' मी जाऊन बघते तर यंत्राच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या सुतळीने आवळलेल्या. केअरटेकर म्हणाला, "मोठे सर दुपारी आडवे झाले होते. म्हणाले, ही खडखड बंद कर."

मी सरांना म्हटलं, अहवाल बदलूया.

"सही झालीय. आता वाऱ्यानेच उशीर केला, त्याला मी काय करू?"

•

मे महिन्यात मॉडेल मध्येच बंद पडलं. सर्व्हर रूम उघडली तर आत भट्टी! एसी बंद, आणि मशीनच्या मागे पेंढ्यात सरांच्या हापूसची आढी. "उबेत छान पिकतात," सर म्हणाले.

"सर, मशीन तापून बंद पडलंय!"

"उष्णतेचं मॉडेल ना तुझं? मग त्याला एवढी उष्णता सोसत नाही?"

•

एकदा वैतागून विचारलं, "सर, पन्नास वर्षांनी काय होईल याची तुम्हाला काळजीच नाही?"

"पन्नास वर्षांनी मी असेन का?"

"मी असेन ना!"

"मग तेव्हा तू बघ."

•

आता उरणकडचं. तिथल्या एका गावात पावसाळाभर वीज जाते. म्हणून नवं उपकेंद्र मंजूर झालं. जागा निवडली खाडीकाठच्या खाजणातली, भरती अडवणारा बाहेरचा बांध फुटलेली. माझ्या नकाशात ती निळी, म्हणजे पाण्याखाली जाणारी. आमच्यासाठी भरतीच्या नोंदी ठेवणारे नाना त्याच गावचे, जुने मिठागरवाले. त्यांची सून घरी विजेवरची शिवणयंत्रं चालवते. नाना मला म्हणाले, "पोरी, तिथं बांधलान तर आमचा अंधार कायमचा. गावामागं उंचवटा हाय, तो दाखव."

मी उंचवटा दाखवला. सर म्हणाले, "परत मंजुरी कोण आणणार? आणि हा निळा रंग काढ. वरचे लोक घाबरतात. हिरवा कर."

मी नकार दिला. सरांनी स्वतः केला. तेवढं कम्प्युटर त्यांना येतं!

•

भूमिपूजनाचा मुहूर्त निघाला पौर्णिमेला, दुपारी बाराचा. नाना सरांना सांगायला आले, "सायेब, पुनव हाय. बाराला भरती पुरी चढते."

"पौर्णिमा म्हणूनच तर शुभ, नाना!"

साडेअकराला मांडवात ओल आली. पावणेबाराला भटजींनी पाट उचलला. बाराला नारळ तरंगत खाडीकडे निघाला आणि त्याच्यामागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. गाव उंचवट्यावर उभं राहून बघत होतं. नाना सुनेला म्हणाले, "बघ, आपलं उपकेंद्र."

तेवढ्यात वरून फोन आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले सर टेबलावर चढले, एका हातात चपला धरून.

"हो सर, कार्यक्रम अगदी वेळेवर. जागा? उत्तम आहे, सर. नकाशात आहे तश्शीच, हिरवी!"