भिंतीवरची रेघ

परंड्यात विम्याचे क्लेम भरून देणारे एक गृहस्थ आहेत. घरात पुराचं पाणी शिरलं म्हणावं, तर आधी विचारतात, “रेघ हाय का?” पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची जी खूण राहते, ती. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत ती पुसायची नाही, हे त्यांचं एकच पालुपद.

आमच्याकडं ते आले तेव्हा रेघ नव्हती. नवरात्राचे घट बसायचे म्हणून बायकोनं भिंती धुऊन चुना मारला होता. ते पांढऱ्या भिंतीवर तळहात फिरवत राहिले. “देवीसाठी धुतलं, वैनी. आता सायबाला काय दाखवावं?” एवढंच बोलले. अर्ज मात्र नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात पुरा भरला.

तो नामंजूर झाला. सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. चूक आमचीच, म्हणालो.

त्यांच्या भिंतीवर कमरेइतकी रेघ तशीच होती. खालचा गिलावा फुगून गळत होता. देवीच्या कोनाड्याखाली वाळलेला चिखल होता. तिथं यंदा घट बसलेच नव्हते.

“तुमच्या क्लेमचं काय झालं?”

“सर्व्हेअर म्हणाला, अशी ठळक रेघ म्या कुठंच बघितली न्हाय,” ते म्हणाले. “नामंजूर.”