धुतलेल्या पायांना चिखल

मंडळी, आज पवित्र गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या चर्चचा तरुण संघ दौंडच्या एका झोपडपट्टीत मुलांचे पाय धुवायला गेला. टॉवेल धरायला मी.

पाहुणे येणार म्हणून आयांनी पोरांचे पाय आधीच घासून लख्ख केलेले. आमचे लीडर हिरमुसले. "फोटोत काय दिसणार? जा रे, गटारापाशी नाचून या!"

पोरं पळाली. एक चिमुरडी हलेना. "न्हाई दादा, आईनं प्यायच्या पाण्यानं धुतल्यात."

"अगं, आम्ही परत धुतो ना!" म्हणत लीडरनी तिला उचलून चिखलात उभं केलं.

फोटो झकास आलाय, चर्चच्या ग्रुपवर टाकलाय. खाली तुमचे 'आमेन'ही सुरू झालेत.

पाय पुसताना तिनं ते मागं ओढले. मला माझ्याच हातांची किळस आली. खरं सांगा, तुम्ही तरी तिथं तोंड उघडलं असतं?